विश्लेषण : किल्ला मराठ्यांनी जिंकला, मग त्यातले चर्च कोणी जपायचे?

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. पालघर जिल्ह्यातला एकही नाही. तरीही मराठ्यांच्या सर्वात अवघड मोहिमांपैकी एक लढली गेली ती याच किनाऱ्यावर, तारापूर-शिरगाव-माहीम-केळवे ते वसई या पट्ट्यात. या मोहिमेचे सर्वात ठळक अवशेष म्हणजे वसईच्या किल्ल्यातली छप्पर हरवलेली चर्च आणि चॅपेल. किल्ल्याच्या तटाची डागडुजी करा म्हटले की सगळे मान डोलावतात. चर्चचा विषय निघाला की मात्र कुजबुज सुरू होते. हा संकोच सोडण्याची वेळ आली आहे.

लष्करी किल्ल्यात चर्च कशासाठी?

पोर्तुगीजांच्या किल्ल्यात चर्च नंतर कधीतरी भर म्हणून आले नाही. ते किल्ल्याच्या आराखड्यातच असे. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून पूर्वेकडील चर्चच्या आश्रयदात्याचे अधिकार मिळाले होते. त्यामुळे पाद्री, पगारी शिपाई आणि व्यापारी हे एकाच राजसत्तेचे तीन हात होते. शिबंदीला लढाईआधी प्रार्थना हवी, जखमींना इस्पितळ हवे, मेलेल्यांना जागा हवी. ही तिन्ही कामे चर्चच्या आवारात होत. घंटा प्रार्थनेची होती, तशीच इशाऱ्याचीही होती.

वसईच्या बुरुजांची नावे पाहिली तरी हे कळते. सेंट सेबॅस्टियन, सान्तियागो, सान गोंसालो, मदर दे देउस, रेमेडिओस, रेइस मागोस. तोफा ज्या बुरुजावर ठेवायच्या, त्याला संताचे नाव द्यायचे, ही तिथली रीत. सान्तियागो हा सैनिकांचा संत. गोलंदाजांची सेंट बार्बारा रेवदंड्याच्या किल्ल्यातल्या उंच मनोऱ्याच्या नावात आजही आहे. तेव्हा तट तेवढा ‘लष्करी’ आणि चर्च तेवढे ‘धार्मिक’ अशी विभागणी त्या काळात नव्हती. ती आज केली, तर किल्ल्याचा अर्धा अर्थ निघून जातो.

सातपाटी ते वसई : काय होते, काय उरले?

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे ती त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. या राजधानीला उत्तरेकडून सांभाळणारी छोट्या-मोठ्या किल्ल्यांची माळ होती. सातपाटीला लागून शिरगाव, खाली माहीम, केळवे, दांडा. वर तारापूर, डहाणू. आत डोंगरावर अशेरी. खाडीचे तोंड, बंदर, मिठागर, ताडा-माडाची बाग, जिथे महसूल तिथे गढी.

या माळेत तारापूर महत्त्वाचे. तिथल्या किल्ल्यात डॉमिनिकन पंथीयांचा मठ आणि चर्च होते. त्यांची भव्यता सांगणारे आज तिथे काही नाही. शिरगावचा किल्ला अजून उभा आहे, त्याच्या बुरुजांवरून सातपाटीची बाजू दिसते. पण ज्या व्यवस्थेचा तो भाग होता, ती समजून घ्यायची तर वसईला जावे लागते.

वसईत १५४० च्या दशकात बांधलेले सेंट जोसेफचे मुख्य चर्च आहे. ते १६०१ मध्ये नव्याने बांधल्याचा शिलालेख तिथे सापडला. जेझुइटांचे ‘होली नेम’ चर्च आहे, त्याची दर्शनी भिंत अजून देखणी आहे. फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनीचे चर्च आहे आणि त्याच्या जमिनीत राजचिन्हे व मजकूर कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. डॉमिनिकनांचे चर्च आहे. जे. गर्सन दा कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या प्राचीन अवशेषांवर पुस्तक लिहिले तेव्हाही ही सगळी पडकीच होती. म्हणजे गेली दीडशे वर्षे तरी आपण या पडक्या भिंतींकडे पाहतो आहोत.

१७३९ च्या तहात चर्चचा उल्लेख का होता?

चर्च जपण्याचे सर्वात मोठे कारण या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

पोर्तुगीज अमलात साष्टी-वसईच्या हिंदूंवर धार्मिक जुलूम झाला, देवळे पाडली गेली, सक्तीची धर्मांतरे झाली. अंजूरच्या नाईक बंधूंनी पेशव्यांकडे दाद मागितली, त्यामागे हीच चीड होती. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर अशी माळ एकेक मणी करून ओढून घेतली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा मातबर सरदार पडला. फेब्रुवारीत वसईला वेढा बसला. मे महिन्यात सुरुंगांनी जे बुरूज फोडले, त्यात सेंट सेबॅस्टियनचा बुरूज होता. हजारो माणसे गमावून मराठ्यांनी वसई घेतली.

एवढ्या रक्तपातानंतर विजेत्याने काय करावे? शरणागतीच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह, निशाणे फडकवत, वाद्ये वाजवत बाहेर पडू देण्यात आले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मोकळीक मिळाली. आणि तीन चर्च राखावीत असे ठरले : एक वसई शहरात, एक वसई प्रांतात आणि एक साष्टी बेटावर.

जुलमाचा राग मनात असूनही विजेता हे मान्य करतो, याला राज्यकर्त्याची जाण म्हणतात. रयत कोणत्या धर्माची आहे यापेक्षा ती आता आपली आहे, हे चिमाजी आप्पांना कळत होते. त्यांनी नवस फेडायला वज्रेश्वरीचे मंदिर उभारण्याची व्यवस्था केली आणि तहात चर्चही राखले. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. आज किल्ल्यात नागेश्वराचे मंदिर आहे, वज्रेश्वरीचे मंदिर आहे आणि चर्चही आहेत. हा किल्ला पाहणाऱ्याने यातले एकच निवडायचे, असा आग्रह धरणारा चिमाजी आप्पांपेक्षा शहाणा ठरत नाही.

वसईच्या चर्चमधल्या घंटांचेही तसेच. विजयाची खूण म्हणून त्या देशावर गेल्या. वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात पोर्तुगीज घंटा आजही आहेत. घंटा जपल्या गेल्या, कारण त्या वापरात राहिल्या. ज्या मनोऱ्यांतून त्या उतरवल्या, ते वापरातून गेले आणि पडले.

दमणमध्ये छप्पर आहे, वसईत का नाही?

डहाणूच्या पुढे काही तासांत दमण येते. तिथले मोटी दमणचे चर्च ऑफ बॉम जीझस आणि अवर लेडी ऑफ द रोझरीचे चॅपेल किल्ल्याच्या आतच आहेत. छपरे शाबूत, लाकडी वेदीवरचे सोनेरी कोरीवकाम शाबूत. नदीपलीकडे नानी दमणच्या सेंट जेरोमच्या किल्ल्यातही चॅपेल आहे. १५५९ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेले दमण डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्याकडे होते. तिथे रविवारची प्रार्थना कधी थांबली नाही.

वसईचे शहर मात्र १७३९ नंतर रिकामे झाले. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी ते घेतले, तहात परत दिले, १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो करार केला त्याला वसईचेच नाव मिळाले. पण शहर पुन्हा वसले नाही. वसईतला ख्रिस्ती समाज किल्ल्याबाहेरच्या गावांत राहिला, तिथे त्याने आपली चर्च बांधली. किल्ल्यातली चर्च ओस पडली.

एकाच हवेत, एकाच खाऱ्या वाऱ्यात, जवळपास एकाच काळात बांधलेल्या इमारतींची ही दोन टोके आहेत. दगडाचा दर्जा वेगळा होता म्हणून हे झाले नाही. रोज दार उघडणारा, कौल सरकले की बदलणारा, भिंतीत उगवलेले रोप उपटणारा माणूस एका ठिकाणी होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. जुनी इमारत जपण्याचे पहिले तंत्र हेच आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

पडझड नेमकी कशाने होते?

छप्पर गेले की भिंतीचा माथा उघडा पडतो. पोर्तुगीजांच्या जाड भिंती बाहेरून घडीव दगडाच्या, आतून चुना आणि डबराने भरलेल्या असतात. पावसाचे पाणी माथ्यातून आत शिरते, चुना धुऊन नेते, पोकळी करते. त्या पोकळीत पक्ष्यांच्या विष्ठेतून वडा-पिंपळाचे बी पडते. मुळे खाली उतरतात आणि पाचरीसारखी भिंत उकलतात. मूळ कापले पण आत सोडले तर ते पुन्हा फुटते. ओढून काढले तर दगडासकट भिंत येते.

त्यात समुद्राच्या हवेतले मीठ. पाण्याबरोबर ते दगडाच्या छिद्रांत जाते, वाळताना त्याचे खडे होतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. अशा भिंतीला सिमेंटचा लेप दिला की रोग वाढतो. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि पाण्याला अडवणारे. आतला ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग तो दगडातून वाट काढतो. सांधा टिकतो, दगड झिजतो. देशभर कितीतरी किल्ल्यांत ‘दुरुस्ती’च्या नावाखाली हे झाले आहे.

चुन्याचे काम वेळखाऊ आहे. चुना आठवडेच्या आठवडे भिजवायचा, घाणीत वाळूबरोबर मळायचा, गूळ-हिरड्याचे पाणी घालायचे, लावल्यावर गोणपाट भिजवून सावलीत ठेवायचा. त्यासाठी पाथरवट आणि गवंडी तसे लागतात. निविदेत ‘मार्चपूर्वी निधी खर्च करा’ अशी घाई असेल तर हे काम होत नाही.

डागडुजी करायची की पुन्हा बांधायचे?

इथे दोन टोकांचे आग्रह दिसतात. एक म्हणतो, अवशेषच सुंदर आहेत, हात लावू नका. दुसरा म्हणतो, छप्पर घाला, नवे कोरे करा. दोन्ही आग्रह सोयीचे आहेत आणि दोन्ही चुकीचे.

पहिल्याची चूक गोव्यात दिसते. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकाच्या बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने काढून टाकला. उघडा जांभा अधिक ‘प्राचीन’ दिसतो, असा त्यामागचा विचार. जांभा हा सच्छिद्र दगड, गिलाव्याखाली राहण्यासाठीच वापरलेला. तेव्हापासून तो पावसात झिजतो आहे आणि गिलावा पुन्हा करावा ही मागणी सतत होते आहे. या बॅसिलिकाच्या दर्शनी भागातील काळा घडीव दगड वसईचा, ही आणखी एक गंमत. वसईच्या चर्चच्या भिंतींवरही कोपऱ्यांत जुन्या गिलाव्याचे तुकडे चिकटलेले आहेत. आज जो काळाकभिन्न, रोमँटिक अवशेष छायाचित्रांत दिसतो, कोल्डप्लेच्या २०१६ च्या गाण्याच्या चित्रफितीत जगाने पाहिला, तो मुळात चुन्याने लिंपलेला होता.

दुसऱ्याची चूक अधिक महागडी. वेदी कशी होती, छपराची लाकडे कशी जोडली होती, खिडक्यांना काय होते, याचा पुरावा नसताना जे उभे राहील ते आजच्या कंत्राटदाराचे चर्च असेल. १९६४ च्या व्हेनिस सनदेने याची सीमा आखून दिली आहे : जिथे अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

मधला रस्ता कंटाळवाणा आहे, म्हणून तो बातमीत येत नाही. भिंतींचे माथे चुन्याने बंद करणे. पाणी वाहून जाईल असा उतार काढणे. झाडे मुळासकट, एकेक करून काढणे. निसटलेले दगड क्रमांक देऊन जागेवर बसवणे. कमानींना आधार देणे. आणि थडग्यांच्या शिळांवरून पर्यटकांचे पाय जाणार नाहीत अशी वाट आखणे. त्या शिळांवरची अक्षरे एकदा झिजली की कोणताही निधी ती परत आणणार नाही. प्रत्येक शिळेचे छायाचित्र आणि वाचन आज करून ठेवणे ही सर्वात स्वस्त आणि सर्वात तातडीची दुरुस्ती आहे.

‘परक्यांचा वारसा’ या आक्षेपाचे काय?

जुलूम करणाऱ्यांच्या इमारतींवर आपला पैसा का, हा प्रश्न खोटा नाही. त्याला ‘संकुचितपणा’ म्हणून उडवून लावणे योग्य नाही. पण त्याचे उत्तर आहे.

एक तर, चर्चवाचून विजय दिसत नाही. पोर्तुगीज सत्ता किती श्रीमंत, किती घट्ट रोवलेली होती हे त्या कमानींखाली उभे राहिल्यावर कळते आणि चिमाजी आप्पांनी काय जिंकले याचे मोजमाप तिथे मिळते. जुलमाचा इतिहास सांगायचा तर तोही तिथेच, स्वच्छ शब्दांत फलकावर लिहावा. भिंत पाडून तो सांगता येत नाही.

दुसरे, ती चर्च बांधणारे हात इथलेच होते आणि तिथे गुडघे टेकणारी माणसेही इथलीच होती. वसईत १५५६ च्या सुमारास जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेझुइटांकडे शिकला, जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रूसावर ठार करण्यात आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. वसईचे ख्रिस्ती घरी मराठीच्या बोली बोलतात; सामवेदींची कादोडी हिंदू आणि ख्रिस्ती दोघांचीही. त्यांच्यातली जुनी माणसे चर्चला ‘देऊळ’ म्हणतात. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. यांना परके ठरवायचे तर मराठीलाच एक खोली कमी करावी लागेल.

जबाबदारी कोणाची, पैसा कुठून?

वसईचा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि १९५८ चा कायदा त्याला लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. राज्याच्या ताब्यातील स्मारकांसाठी १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. खासगी मालकीच्या वा कोणाच्याच यादीत नसलेल्या गढ्यांना यातले काहीच नाही. कायदा नासधूस करणाऱ्याला अडवतो. रोप उपटायला माणूस देत नाही.

गोव्यातील रेइस मागोसचे उदाहरण त्यासाठी उपयोगाचे. १९९३ पर्यंत तुरुंग असलेला हा किल्ला मोडकळीला आला होता. गोवा सरकार, ‘इंटॅक’ आणि ब्रिटनमधील हेलन हॅम्लिन ट्रस्ट यांनी एकत्र येऊन तो दुरुस्त केला, २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला आणि मारियो मिरांडांच्या चित्रांसाठी तिथे दालन केले. पायथ्याचे १५५५ चे चर्च आपल्या जागी चालू आहे. तेरेखोलच्या किल्ल्याने वेगळी वाट धरली; तिथे हॉटेल झाले, अंगणात सेंट अँथनीचे चर्च. पैसा तिथेही आला, पण १९५४ च्या मुक्तिलढ्यात जिथे तिरंगा फडकला त्या जागेत सामान्य माणूस पाहुणा झाला. दोन्हींतून धडा एकच : निधी कोणाचाही असो, किल्ली लोकांच्या हाती राहिली पाहिजे.

सातपाटीकरांचा यात काय संबंध?

सातपाटीला हे समजावून सांगावे लागू नये. समुद्राची धूप अडवणारा बंधारा एकदा बांधून सुटका होत नाही, दर पावसाळ्यानंतर त्याचे दगड पाहावे लागतात, हे या गावाला ठाऊक आहे. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला. पण लहान पिल्लांची मासेमारी थांबली नाही तर दर्जा कागदावर राहील, हेही इथल्या मच्छीमारांनीच सांगितले आहे. ‘संरक्षित स्मारक’ या निळ्या पाटीचेही तसेच आहे.

आता या किनाऱ्यावर वाढवण बंदराचे काम येते आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेला हा ७६ हजार कोटींहून मोठा प्रकल्प. त्याबरोबर रस्ते येतील, जमिनीचे भाव चढतील, भराव पडतील. बंदर हवे की नको हा वाद वेगळा. पण शिरगाव, माहीम, केळवे, तारापूर या किल्ल्यांच्या हद्दी मोजून, त्यातल्या प्रत्येक बांधकामाची, चर्चच्या पायासकट, नोंद करून ठेवणे हे काम पहिला डंपर येण्याआधीचे आहे, नंतरचे नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीतून ते होऊ शकते. शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी, दुर्गप्रेमींचे गट, कोळीवाड्यातले जाणते आणि वसईचे ख्रिस्ती अभ्यासक एकत्र बसले तर फार वर्षेही लागणार नाहीत.

तारापुरातला मठ गेला, तो कोणी पाडायचे ठरवले म्हणून नव्हे. राखायचे कोणी ठरवले नाही म्हणून. वसईत अजून भिंती उभ्या आहेत. चिमाजी आप्पांनी तलवार म्यान करताना जे राखायचे लिहून दिले, ते राखण्यासाठी आज कोणाला रक्त सांडायचे नाही. चुना भिजवायचा आहे आणि जूनच्या आधी भिंतींचे माथे बंद करायचे आहेत.